अर्धेसर नापास होतात

"दहापैकी किती दुखतंय?" मॅडमनी विचारलं.

अर्धेसरांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. कपाळावर घाम होता, आणि डावा पाय जमिनीला टेकवावा की नाही याचा निर्णय अजून व्हायचा होता. त्यांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे विचार केला.

"साडेतीन," ते म्हणाले.

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने तोंड उघडलं. सरांनी मान न वळवता एक बोट वर केलं. छत्तीस वर्षं ते बोट वर झालं की चाळीस मुलांचा वर्ग चिडीचूप व्हायचा. काकूही गप्प बसल्या.

सरांचं खरं नाव शाळेच्या मुख्याध्यापकांनाही हजेरीपटात बघावं लागे. बाकी सगळ्या गावाला ते अर्धेसर. गणित शिकवायचे, फार छान शिकवायचे, पण पैकीच्या पैकी मार्क त्यांनी जन्मात कुणाला दिले नाहीत. उत्तर बरोबर असलं तर समासाचा अर्धा मार्क कापायचा, समास बरोबर असला तर अक्षराचा, आणि दोन्ही बरोबर असलं तर मुलगा शेफारू नये म्हणून. काकू बालवर्गाच्या बाई. त्यांनी कागद खाणाऱ्या पोरालाही चांदणी दिली होती. हा संसार इतकी वर्षं कसा टिकला, हा प्रश्न दोघांनीही ऑप्शनला टाकला होता.

सरांची कंबर गेली आठ वर्षं दुखत होती. पट्टे झाले, तेलं झाली, पोट बिघडवणाऱ्या गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, "आता औषध वाढवत नाही. आमच्याकडे दर गुरुवारी एक वर्ग असतो. श्वास, मन, हालचाल असं शिकवतात. तिथं जा." सर मनाबिनाला भुलले नसते, पण 'वर्ग' म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवेना.

वर्ग दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये भरे. निळ्या सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात एक जुना फळा, आणि साठीच्या पुढची चौदा माणसं. भिंतीवर दुखण्याचा तक्ता होता. शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी ढसाढसा रडणारा.

"हा तक्ता उलटा लावलाय," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "शून्य मिळालेलं कार्टं हसतंय कशाला?"

"सर, इथे शून्य चांगलं," वर्ग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्या वयाने सरांच्या मुलीएवढ्या होत्या आणि आवाज असा की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी.

"आणि तुम्ही मन मन म्हणताय, म्हणजे माझं दुखणं खोटं आहे?"

"अजिबात नाही. दुखणं शंभर टक्के खरं. फक्त मेंदू त्याचा आवाज मोठा करून ठेवतो. तो थोडा बारीक करायला शिकायचं."

"शंभर टक्के नको," सर म्हणाले. "अठ्ठ्याण्णव म्हणा."

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस खुदकन हसला. पासष्टीला टेकलेला, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेला एक शिंपी होता तो. खांदा धरून आला होता.

"सर, ओळखलंत?" त्याने विचारलं. "दहावीची पूर्वपरीक्षा. गणित."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. "चौतीस पूर्णांक एक छेद दोन," ते म्हणाले. "वर्तुळ पेनाने काढलं होतंस."

"अर्ध्या मार्काने गेलो सर."

"पेन्सिलीने गेलास," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पहिले दोन आठवडे सरांना काही म्हणता काही जमलं नाही. मॅडम सांगत, "डोळे मिटा. लक्ष पायाच्या अंगठ्यापासून हळूहळू वर न्या. जिथे दुखेल तिथे भांडू नका. नुसतं बघा, श्वास सोडा, पुढे जा." बाकीचे शांत पडून असत. सरांचं लक्ष अंगठ्यावरून थेट कंबरेवर जाई आणि तिथे वादावादी सुरू होई.

तिसऱ्या गुरुवारी सर एकदम डोळे उघडून उठून बसले. "मॅडम! हे तर सुपरव्हिजन आहे!"

"काय आहे?"

"परीक्षेचं सुपरव्हिजन हो! बाकांच्या रांगेतून फिरायचं. प्रत्येकाकडे बघायचं, कुणापाशी अडकायचं नाही, ओरडायचं नाही. एखादा कॉपी करतोय असं वाटलं तर नुसतं त्याच्या बाकापाशी जाऊन उभं राहायचं. तो आपोआप सरळ होतो."

"करून बघा," मॅडम म्हणाल्या.

सर पुन्हा आडवे झाले. अंगठा, घोटा, पोटरी, गुडघा, सगळ्या बाकांवरून फिरत ते कंबरेपाशी आले. तिथला डावीकडचा कार्टा आठ वर्षं धुमाकूळ घालत होता. सर त्याच्याशेजारी हात मागे बांधून उभे राहिले. थोड्या वेळाने त्या कार्ट्याने खरंच मान खाली घातली.

त्या दिवशी घरी सर जेवायला टेबलाशी बसले. यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण तीन वर्षं सर फ्रिजवर ताट ठेवून उभ्याने जेवत होते, कारण खुर्चीत पाच मिनिटांच्या वर बसवत नव्हतं, आणि काकू टेबलाशी एकट्या बसून फ्रिजकडे बघत जेवत होत्या. त्या दिवशी सर शाळेचा एक अख्खा तास, म्हणजे चाळीस मिनिटं, समोर बसले. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी मीठ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

घरी एकट्याने मात्र सरांना ते जमत नसे. डोळे मिटले की झोप लागे, नाहीतर दाराची बेल वाजे. वर्ग हवाच होता. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

रोजचं दुखणं वहीत लिहायचं असे. सरांच्या वहीत पहिल्या दिवसापासून साडेतीन, फार झालं तर चार. पाचव्या गुरुवारी मॅडम हसत हसत म्हणाल्या, "आज एक आनंदाची बातमी. सलग तीन आठवडे ज्यांची सरासरी चारच्या खाली आली, त्यांचा वर्ग पूर्ण झाला असं आम्ही समजतो. जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देतो. आपले सर पास झाले!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा तक्त्यावरच्या दहा नंबरासारखा झाला.

"आणि पुढच्या गुरुवारी नवीन मंडळी येतील," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सर दहा मिनिटं सांगतील, दुखण्यावर मात कशी केली ते."

रस्त्याने काकूंनी तोंड सोडलं. "अहो, सांगा ना त्यांना! तुमचे साडेतीन म्हणजे माणसांचे आठ असतात म्हणून!"

"मार्क म्हणजे मार्क."

"मग वाढवा थोडे. पाच लिहा."

"अगं, जन्मभर लोकांचे आईबाप मार्क वाढवून मागायला दारात आले, त्यांना मी पायरीवरून परत पाठवलं. आता मी पायरीवर जाऊ?"

"मग मी सांगते."

"खबरदार. निकाल गोपनीय असतो."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा सरांना नापास व्हायचं होतं, आणि तेच त्यांना जमत नव्हतं. त्यांनी एकदा वहीत पाच लिहूनही पाहिलं. पाच मिनिटं त्या आकड्याकडे बघितलं, मग खोडरबर घेऊन त्याचे साडेचार केले, मग चार, आणि साडेतीनवर आल्यावर त्यांना बरं वाटलं.

शेवटी त्यांनी नियमात बसणारी वाट काढली. फुलस्केप कागदाला समास आखून अर्ज लिहिला. विषय : गुणांच्या फेरतपासणीबाबत. 'माझ्या निकालाविषयी मला शंका असून योग्य ती पडताळणी व्हावी, ही विनंती.' सोमवारी स्वतः नेऊन दिला. मॅडमनी वही काढून पुन्हा बेरीज केली आणि कपाळाला हात लावला.

"सॉरी सर! एका दिवशीचा साडेतीन मी चार वाचला होता. तुमची सरासरी उलट आणखी कमी आहे. किती प्रामाणिक आहात हो तुम्ही!"

सर काय बोलणार? "आभारी आहे," म्हणाले आणि जिना उतरले. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून. त्या रात्रीचं जेवण पुन्हा फ्रिजवर झालं. काकूही आपलं ताट उचलून फ्रिजपाशी येऊन उभ्या राहिल्या. सरांना ते फार लागलं.

गुरुवारी हॉल भरला होता. अकरा नवीन माणसं, सगळी कुठे ना कुठे हात धरून बसलेली. आपला शिंपी जुन्यांच्या रांगेत होता, काकू पिशवी धरून भिंतीशी. मॅडमनी सरांची ओळख करून दिली. सर फळ्यापाशी गेले, वळणदार अक्षरात 'दुखणे' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि खडू हातातून निसटून खाली पडला.

आता वर्गात खडू पडलेला दिसला तर तो उचलल्याशिवाय अर्धेसर एक अक्षर बोलू शकत नसत. ते वाकले. खडू हाती आला. सर मात्र वर आले नाहीत.

काटकोनात वाकलेले सर तसेच राहिले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "हा पहिला व्यायाम का?"

"असणार. बघा ना, किती स्थिर!"

आणि बघता बघता अकराच्या अकरा नवीन माणसं उठून काटकोनात वाकली. एक मिनिट गेलं.

"सर, श्वास घ्यायचा की सोडायचा?" कुणीतरी खालून विचारलं.

"सोडा," सर जमिनीकडे बघत म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"आणि उठायचं कधी?"

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका काकांनी उठायचा प्रयत्न केला आणि "आई गं!" करून समोरच्या गृहस्थांना धरलं. त्यांनी त्यांच्या समोरच्यांना धरलं. मॅडम एकेकाला सरळ करत फळ्यापर्यंत पोचल्या.

"सर! दुखतंय का? दहापैकी किती?"

सरांनी डोळे मिटले. इतका कठीण पेपर त्यांनी कधी तपासला नव्हता.

"साडेसहा," ते म्हणाले.

"हुश्श," मॅडम म्हणाल्या. "साडेसहाच ना? मग जरा थांबून—"

"साडेसहा?" शिंपी ताडकन उभा राहिला. "मॅडम, स्ट्रेचर आणा! अहो, बोर्डात पहिला आलेल्या पोराच्या वहीला सरांनी दहापैकी साडेसहा दिले होते, वर 'सुधारणेस वाव आहे' म्हणून शेरा मारला होता! याच्यावर यांच्याकडे आकडाच नाही!"

"आणि ते साडेतीन म्हणजे सुद्धा आठ!" गोपनीयतेचा भंग करत काकू ओरडल्या. "तीन वर्षं उभ्याने जेवलेत हो ते!"

मॅडम आधी काकूंकडे, मग शिंप्याकडे, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. मग त्या सरांच्या शेजारी तशाच वाकल्या, म्हणजे दोघांची तोंडं एका पातळीवर आली. "सर, मला सांगायचं नाही का?"

"मागून मार्क घेणं बरं दिसत नाही," सर खालून म्हणाले. मग हातातल्या खडूकडे बघत म्हणाले, "हा वर्ग बंद करू नका हो माझा. मला टेबलाशी बसून जेवायचंय."

आठ वर्षांत इतकं सोपं वाक्य ते कुणाशी बोलले नव्हते. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "चला, सुपरव्हिजन करू. अंगठ्यापासून." दोघं तसेच वाकून सगळे बाक फिरून आले, आणि स्ट्रेचर येईपर्यंत सर स्वतःच्या पायांनी अर्धे तरी उभे राहिले.

शिंपी आणि काकू यांची मॉडरेशन कमिटी नेमली गेली. सरांच्या प्रत्येक आकड्यात साडेचार मिळवायचे, असा ठराव झाला. मॅडमनी वहीवर लाल शाईने लिहिलं : 'नापास. पुढील वर्गास पुन्हा बसावे.' सरांनी ते पान वाटेत भेटेल त्याला दाखवलं. वाण्याला तर दोनदा दाखवलं.

पुढचे आठ आठवडे सरांनी एकही गुरुवार चुकवला नाही. शेवटच्या दिवशी मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज किती?"

सरांनी डोळे मिटले. सगळे बाक फिरून आले. "तीन," ते म्हणाले.

नवीन आलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "आठ आठवड्यांत फक्त अर्धाच कमी?" पण काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता. त्या घरात अर्ध्याची किंमत काय आहे, हे त्यांना ठाऊक होतं. काल जेवण झाल्यावरही सर तासभर टेबलाशी बोलत बसले होते.

शिंपी मात्र उठून सरांच्या खुर्चीपाशी आला. मोजपट्टी आजही गळ्यातच होती.

"सर, तो अर्धा सुटला ना आता? मग तुम्ही त्याचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे?"

"नाही, एकाचा द्यायचा राहिलाय तुमच्याकडे. सत्तेचाळीस वर्षं झाली."

सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "वर्तुळ पेनाने काढलं होतंस," ते म्हणाले.

"हो सर. चुकलंच."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग म्हणाले, "घे."

शिंप्याने क्षणभरही वेळ न घालवता सरांची वही ओढली, खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढला आणि शेवटच्या पानावर लिहिलं : ३४½ + ½ = ३५. पास. वही सरांपुढे धरून म्हणाला, "सही करा. नंतर फिरवाल."

सरांनी आधी बेरीज तपासली आणि मग सही केली.