नीराचा घसा आणि अप्पांचं इंग्रजी

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या पतंगांच्या दिवसाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी नीरा पोतनीसने नवऱ्याला हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा मारली, पुन्हा हवा. संजीव दाढी करत होता. बायको आज इतकी शांत कशी, या आनंदात त्याने दुसरा गालही सावकाश उरकला.

दोष पतंगांचा होता. दोन दिवस गच्चीवर उभं राहून नीराने शेजारच्या मंदाकिनीवहिनींच्या पोरांचे पतंग एकामागून एक कापले होते, आणि प्रत्येक वेळी "एऽऽ काप्यो छेऽऽ! लपेट, लपेट!" अशी आरोळी ठोकली होती. आता बडोद्यात हे सगळेच करतात. पण बडोद्यातले सगळेच पोटासाठी इंग्रजी उच्चार शिकवत नाहीत. नीरा शिकवते. रावपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत तिचा क्लास आहे आणि बाहेर एका मोठ्या संस्थेची निळी पाटी आहे. त्या संस्थेचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून आसपासच्या पादरा, सावली या गावांहून माणसं बस पकडून येतात.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा बसेल, मग माझ्याकडे येऊन रडू नका. रडायलाही आवाज लागतो."

पुढच्या गुरुवारी मुख्य संस्थेचा माणूस तपासणीला येणार होता. बॅचचे उच्चार 'न्यूट्रल', म्हणजे कुठल्याच गावाचे न वाटणारे, निघाले तर पाटी राहणार, नाहीतर पाटी गेली, सर्टिफिकेट गेलं आणि इतक्या वर्षांत पै-पै जमवून उभा केलेला क्लासही गेला. बॅच बंद ठेवणं शक्यच नव्हतं. तिने मुलाची जुनी पाटी शोधून काढली आणि त्यावर खडूने लिहिलं, "आता कोण शिकवणार?"

"मी आहे ना," आतल्या खोलीतून आवाज आला.

हे तिचे सासरे, भास्करराव. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अप्पांचे वडील संस्थानच्या काळात सुभ्याच्या कचेरीत होते, आणि त्यांनी मुलाला इंग्रजी शिकवलं ते दिवाणखान्याच्या एका टोकाला आपण बसून आणि दुसऱ्या टोकाला त्याला उभं करून. त्यामुळे अप्पा इंग्रजी बोलू लागले की समोर एक माणूस असला तरी शंभर जण बसले आहेत असं वाटतं. क्लास चालू असताना आतल्या खोलीत रेडिओ आणि अप्पांचं इंग्रजी दोन्ही बंद, असा नीराचा कडक नियम होता.

तिने पाटीवर लिहिलं, "फक्त रेकॉर्डिंग लावायचं. बाकी काही नाही." आणि 'फक्त'खाली दोन रेघा ओढल्या.

"नुसतं बटण दाबायचं ना? एवढं येतं मला," अप्पा म्हणाले आणि कोट चढवला.

बॅच जमली. पुढच्या बाकावर शिवांगी, पादऱ्याची. निर्यातीच्या कंपनीत नोकरीला होती, पण परदेशातून फोन आला की तो बाजूच्या टेबलावर सरकवायची. तिच्या शेजारी मयंक, सावलीच्या कारखान्यात कामाला. त्यामागे नलिनीबेन. यांचा मुलगा कॅनडात, सून तिकडचीच, आणि नातू आजीशी बोलायला फोनवर आला की दोन मिनिटांत पळून जायचा. तिघांचीही एकच खोड होती. कुठलंही वाक्य 'सॉरी'ने सुरू करायचं आणि मधेच गिळून टाकायचं, कुणाचं तरी चोरून आणल्यासारखं.

अप्पांनी बटण दाबलं. लॅपटॉपमधून एका बाईचा मऊ, घरंगळता आवाज आला. संस्थेची ही पद्धत होती, ओठ फार हलवायचे नाहीत, जीभ सैल सोडायची. अप्पांनी जरा वेळ ऐकलं. मग लॅपटॉप मिटला.

"ही बाई आजारी आहे का?"

"नही दादा, ए तो न्यूट्रल छे," मयंक म्हणाला.

"न्यूट्रल? न्यूट्रलमध्ये स्कूटर तरी पुढे जाते का रे? उभा राहा. तुझं नाव सांग."

"सॉरी सर, माय नेम इज..."

"सॉरी कशाबद्दल? नाव बापाने ठेवलंय, तू काय गुन्हा केलास?"

मागच्या बाकावरून नीराने पाटी उचलून हलवली. त्यावर 'लॅपटॉप!!' असं लिहिलं होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहून प्रेमाने मान डोलावली. "चष्मा आत राहिलाय गं," ते म्हणाले आणि वळले. मग छाती भरून श्वास कसा घ्यायचा, वाक्य सुरू केलं की शेवटच्या शब्दापर्यंत नेऊन कसं पोचवायचं, आणि घाई ही फक्त चोराला कशी शोभते, हे त्यांनी तासभर सांगितलं. खोलीच्या काचा थरथरत होत्या. नीरा पाटीवर लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. तोंड बंद असलेल्या मास्तरणीइतकं लाचार कुणी नसतं.

रात्री तिने संजीवला पाटी दाखवली. "उद्यापासून तू."

संजीव दुसऱ्या दिवशी उभा राहिला. पण तो बँकेतला माणूस. विद्यार्थ्यांनी काही विचारलं की "सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळाने या," असं तोंडातून निघून जायचं. तिसऱ्या दिवशी बॅचनेच मागणी केली, दादा जोईए. आजोबाच हवेत.

मग गोष्टी हाताबाहेर जायला लागल्या. मयंकने कारखान्यात सुपरवायझरकडे रजा मागितली, उभं राहून, श्वास भरून, शेवटच्या शब्दापर्यंत. सुपरवायझरला वाटलं, याला दुसरीकडे मोठी नोकरी लागली. त्याने रजा दिली आणि चहाही मागवला. नलिनीबेन कॅनडातल्या नातवाशी बोलल्या. "ए तो सामे उभो रही गयो, बोलो!" त्या डोळे पुसत सांगत होत्या. "पहिल्यांदा पळ्यो नही." आणि शिवांगीने परदेशचा फोन स्वतः उचलला. समोरचा माणूस एरवी दर वाक्याला "पार्डन?" म्हणायचा. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "येस, मॅडम."

हे ऐकून नीराला आनंद झाला आणि धडकीही भरली. कारण संस्थेच्या ॲपने त्या तिघांचे उच्चार तपासून तांबडा रंग दाखवला होता. पूर्वी निदान पिवळा तरी यायचा. तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "गुरुवारपुरतं हळू बोला. माझ्यासाठी." तिघांनी वाचलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

"मॅडम," शिवांगी म्हणाली, "तमे कहो तो करीशुं. पण मग शुक्रवारी मला परत तसं नाही येणार. हे आत्ता कुठे बेठुं छे, अंगी बसलंय."

नीराने ते शब्द पुसले.

गुरुवारी सकाळी तिने अप्पांना केस कापायला पाठवलं. डोक्यावर केस फारसे नव्हते, पण न्हावी गप्पिष्ट होता, तास-दीड तास सहज गेला असता. अकरा वाजून गेल्यावर मुख्य संस्थेचा अभिषेक आला. वयाने लहान, मूळचा नाशिकचा, पण बोलणं मात्र मऊसूत, विमानातल्या सूचनेसारखं. त्याने टेबलावर टॅबलेट मांडला आणि नलिनीबेनच्या कानांना हेडफोन लावला.

"मॅम, जस्ट रिलॅक्स. बी युअरसेल्फ."

नलिनीबेन उभ्या राहिल्या. श्वास घेतला. "गुड मॉर्निंग! आय ॲम नलिनी! आय हॅव कम फ्रॉम फतेगंज!"

अभिषेकने झटकन टॅबलेटचा आवाज कमी केला. पडदा तांबडाभडक. मयंक उठला, तांबडा. शेवटी शिवांगी.

"मॅम, हे टू मच आहे," अभिषेक नीराला म्हणाला. "कस्टमर घाबरेल. हे लोक ऑर्डर देतायत असं वाटतं. यांचं काम ऑर्डर घ्यायचं आहे. आवाज थोडा लहान हवा, थोडा... नम्र. शिवांगी, परत सांग. 'सॉरी टु कीप यू वेटिंग' पासून सुरू कर."

शिवांगीने छाती भरून श्वास घेतला.

"नो, सर. आय डिड नॉट कीप यू वेटिंग. यू केम लेट."

अभिषेक खरंच वीस मिनिटं उशिरा आला होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि मानेला पावडर लावलेले अप्पा आत आले. न्हाव्याकडे लाइट गेली होती. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं, आणि काचा थरथरल्या.

अभिषेकला सगळा उलगडा एकदम झाला. तो उठून नीराकडे आला आणि अगदी समजुतीने म्हणाला, "मॅम, तुमचा प्रॉब्लेम मला कळला. घसा बसला, नाइलाज झाला. आपण असं करू. या आजोबांना पंधरा दिवस बाहेर ठेवा. मुलांना परत रेकॉर्डिंगवर आणा. मी रिपोर्टमध्ये 'सुधारणा चालू' लिहितो. पाटी राहील. फक्त तुम्ही या लोकांना एकदा सांगा, की असं बोलायचं नाही."

खरं म्हणजे उपाय चांगला होता. नीराने लिहायची पाटी हातात घेतलीसुद्धा. पण समोर शिवांगी उभी होती, अजून बसायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. आठ दिवसांपूर्वी ही मुलगी स्वतःचं नाव सांगताना माफी मागत होती. आणि ती माफी तिला कुणी शिकवली होती? 'थोडं मऊ, थोडं लहान' हे धडे या खोलीत वर्षानुवर्षं कोण देत होतं? नीराला स्वतःचाच इतका राग आला की तिने खडू खाली ठेवला.

ती उभी राहिली. श्वास घेतला.

"मिस्टर अभिषेक," ती म्हणाली. आवाज फाटका होता, घोगरा होता, पण होता. "धिस इज माय हाउस. यू मे टेक युअर बोर्ड. बट नोबडी, इन माय हाउस, विल बी टोल्ड टु स्पीक स्मॉल!"

संजीव बँकेतून जेवायला घरी आला होता, तो दारातच थबकला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने बायकोचं इंग्रजी फक्त मऊच ऐकलं होतं. हे तर थेट अप्पांचं इंग्रजी होतं. नुसतं धोतर सोडून नऊवारी नेसलेलं.

अभिषेकने टॅबलेट मिटला. "मॅम, मग मला ब्रँच बंद लिहावी लागेल."

नीराने होकारार्थी मान हलवली. त्याने लिहिलं. बाहेर स्टुलावर चढून निळी पाटी काढायला मयंकने त्याला स्वतःहून मदत केली, कारण स्क्रू गंजले होते आणि अभिषेकला पकड धरता येत नव्हती. "थँक यू," अभिषेक अगदी हळू म्हणाला. "शुं?" मयंकने विचारलं. त्याला ऐकू आलं नव्हतं.

खोलीत सगळे नीराकडे पाहत होते. नलिनीबेनने पदर डोळ्यांना लावला. पाटी गेली होती, सर्टिफिकेट गेलं होतं, उद्या बाकांवर कुणी येईल की नाही हे देवालाच ठाऊक, आणि तरी तिला आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. तिने अप्पांकडे पाहिलं. सासऱ्याची बाजू घेऊन सुनेने क्लास उधळून दिला होता. आता ते काहीतरी बोलतील, निदान डोक्यावर हात तरी ठेवतील.

अप्पांनी पावडर झटकली आणि घसा साफ केला.

"सुरुवात उत्तम," ते म्हणाले. "पण शेवटी घाई केलीस. 'स्मॉल' मागच्या बाकापर्यंत पोचलाच नाही. पुन्हा म्हण."

संजीव ओरडला, "अप्पा, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीये!"

नीराने हात वर करून नवऱ्याला गप्प केलं आणि पुन्हा म्हटलं. या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश, इतकं की गल्लीच्या तोंडाशी उभ्या रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "क्यां जवुं छे, बेन?"

त्यानंतर महिनाभर तिच्या घशातून अक्षर फुटलं नाही. बॅच अप्पांनी घेतली. एकही जण गैरहजर नव्हता.