विषय क्रमांक नऊ : दीर्घिकांची उत्पत्ती

विश्वातली कोणतीही गोष्ट वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर झाल्याशिवाय खरी धरता येत नाही. त्यानुसार रविवार, १४ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा चाळीसला, कोल्हापुरात, ज्ञानपंचगंगा शिक्षण मंडळाच्या सभासदांनी एकमताने मान्य केलं की, महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका आपल्या आपण मोठ्या झालेल्या नसून आजूबाजूच्या लहान दीर्घिका गिळून मोठ्या झाल्या आहेत. अकरा बावन्नला त्याच सभासदांनी तितक्याच एकमताने मान्य केलं की, असं काही मान्य झालंच नाही. मधल्या बारा मिनिटांची इतिवृत्तात ‘चहापान’ अशी नोंद आहे. (चहा साडेबाराला आला.)

तर जे घडलंच नाही, ते कसं घडलं ते पाहू.

मंडळाच्या महाविद्यालयात हातकणंगल्याची अक्षता सहा वर्षं पीएच.डी. करत होती. विषय, गोलाकार तारकागुच्छ. म्हणजे लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा एकेक घट्ट गोळा. मोठ्या दीर्घिकेभोवती असे शेकडो, हजारो गोळे फिरत असतात. त्यातले काही लाल दिसतात. त्यांच्यात जड मूलद्रव्यं जास्त, ते बहुतेक घरचेच. काही निळे दिसतात. त्यांच्यात जड मूलद्रव्यं कमी, आणि ते बहुतेक गिळल्या गेलेल्या लहान दीर्घिकांमधून आलेले. लहान दीर्घिकेचं नाव जातं, आकार जातो, शीव पुसली जाते. गुच्छ मात्र पचत नाहीत. ते मोजले की कोणी कोणाला खाल्लं ते कळतं. अक्षतानं एका दीर्घिकेचे ४१२ गुच्छ मोजले. लाल १८१, निळे २३१.

प्रबंध ३० सप्टेंबरला संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात पोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. सोबत मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. आणि पोटनियम १४ (ब) प्रमाणे, मंडळाच्या आवारात निघालेला कोणताही निष्कर्ष आधी सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. (प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी वसतिगृहाच्या टाकीतल्या पाण्याचा अभ्यास केला, तेव्हापासून हा नियम आहे. तो निष्कर्ष नामंजूर झाला आणि पाणी त्या दिवसापासून शुद्ध आहे.)

“तुझ्या ताऱ्यास्नी काय घाई न्हाय, तुला हाय,” अक्षताची आई मीनाबाई म्हणाली. ती निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं सरकारी कागद बघितलेली. “गप सही घिऊन ये.”

मंडळाची सभा ही लोकशाहीची सर्वोच्च अवस्था आहे. सभासद ३,१८४. जेवणारे २,९००. बसणारे ६००. ठराव ऐकू येणारे पहिल्या रांगेतले चौदा, त्यातले दोघे श्रवणयंत्र घरी विसरलेले. सचिव “विषय क्रमांक” एवढं म्हणाले की पहिल्या चार रांगा “मंजूर!” म्हणून ओरडतात आणि आकडा त्या गजरात विरून जातो. त्या दिवशी आठ विषय पाच मिनिटांत झाले. नववाही तसाच झाला. मांडवाच्या कडेला उभ्या अक्षताच्या मनात आलं, आपल्याला सहा वर्षं लागली ते या लोकांनी चार सेकंदांत केलं. तिला त्यांच्याविषयी आदर वाटला. तो अर्धं मिनिट टिकला.

कारण पेठ वडगावचे निवृत्त मुख्याध्यापक नृसिंह गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी सभेच्या इतिहासात कोणी केली नव्हती अशी गोष्ट केली. त्यांनी विचारलं, “ठराव काय हुता?”

सचिवांनी स्वतः आयुष्यात प्रथमच ठराव वाचला.

“म्हंजे मोठ्यानं लहान गिळलं, आनि गिळलेलं अजून वळखू येतंय,” गुरुजी सावकाश म्हणाले. “मग आमची शाळा निळा गुच्छ की ओ!”

इथं थोडा इतिहास आवश्यक आहे. मंडळाचे अध्यक्ष पिराजीराव, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, प्रत्येक भाषणात सांगतात की हे सगळं त्यांनी शून्यातून उभं केलं. त्या शून्यात पेठ वडगावची दोन हायस्कुलं, हातकणंगल्याची एक कन्याशाळा आणि वारणेकाठचं एक अध्यापक विद्यालय होतं. (शून्याच्या एकूण इमारती अकरा.) या संस्था मंडळात विलीन झाल्या नव्हत्या; त्या मुळातच मंडळाच्या होत्या, फक्त मंडळ नंतर स्थापन झालं.

“आम्हीबी निळं!” मागून कन्याशाळेच्या माजी शिक्षिका चिमणाबाई ओरडल्या. “किती हायती आपन निळं? मोजा की!”

त्यानंतर खुर्च्या हवेत गेल्या आणि चहापान झालं.

सोमवारी आण्णांनी अक्षताला दालनात बोलावलं. मार्गदर्शक शार्दूल सर आधीच तिथं, खुर्चीच्या अगदी कडेवर, बसले होते.

“लाल किती म्हणालीस?”

“एकशे एक्याऐंशी.”

“आनि भायेरचं?”

“दोनशे एकतीस.”

आण्णा मटकन मागं टेकले. “म्हंजे बहुमत भायेरच्यांचं हाय? आनि ह्ये तू छापनार?”

“आण्णा, ती दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब आहे.”

“वडगाव पंधरा मैलावर हाय.” मग ते अक्षताच्या अर्जावरच्या आडनावाकडे पाहत, आवाज मऊ करून म्हणाले, “आनि निळाच रंग का घेतलास गं पोरी?”

“मी नाही घेतला. दुर्बिणीत तसाच दिसतो.”

“व्हय, व्हय. तुमच्यातल्या पोरी लई हुशार, मला ठावं हाय,” आण्णा म्हणाले. ही त्यांच्या पुरोगामित्वाची वार्षिक मात्रा होती. ती त्यांनी घेतली आणि विषय बदलला. “ह्यो सुधारित ठराव. वाच.”

सुधारित ठराव असा: लंबवर्तुळाकार दीर्घिका स्थापनेपासूनच मोठ्या होत्या. त्यांतील सर्व तारकागुच्छ एकाच रंगाचे समजण्यात यावेत. दीर्घिकेची निर्मिती बिनविरोध झाली.

“येवढं प्रबंधात घाल आनि सही न्हे. पेन उघडंच हाय.”

बाहेर व्हरांड्यात शार्दूल सरांनी तिला गाठलं. सर विज्ञाननिष्ठ होते. त्यांच्या दारावर तशी पाटीच होती. “हे बघ, खोटं लिही असं मी म्हणणारच नाही. तू ‘निळे’च्या जागी फक्त ‘फिकट लाल’ लिही.”

“सर, तुम्ही स्वतः मोजलेत ते माझ्याबरोबर.”

“म्हणून तर म्हणतोय. मला पेन्शनला दोन वर्षं आहेत. आणि फिकट लाल हे तसं... फार फिकट केलं तर निळंच की.”

अक्षता हसली. सहा वर्षांत सरांनी मांडलेला हा पहिला स्वतंत्र सिद्धांत होता. मग ती घरी गेली, आणि एकोणतीस तारखेला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, पंख्यांच्या दुरुस्तीच्या निविदेशेजारी, तिचा अर्ज लागला:

प्रति, सर्व सभासद.

विषय : विषय क्रमांक नऊ.

महोदय / महोदया,

माझ्या प्रबंधात निळे गुच्छ २३१ आहेत व ते २३१च राहतील. प्रमाणपत्राअभावी माझी नोंदणी उद्या पाच वाजता रद्द होईल, याची मला कल्पना आहे. तरी, अकरा चाळीसला ‘मंजूर’ ओरडलेल्या, अकरा बावन्नला ‘मंजूर’ ओरडलेल्या, दोन्ही वेळा नुसती मान हलवलेल्या, तसेच सभेला न येता हे सगळं आत्ता वाचत असताना ‘लिहून टाकायचं की फिकट लाल, काय बिघडत होतं’ असं क्षणभर मनात आलेल्या प्रत्येकाने, आपण नेमकं काय मंजूर केलं ते एका ओळीत, स्वहस्ताक्षरात, खाली पूर्ण नाव घालून, उद्या पाचच्या आत माझ्याकडे आणून द्यावे, ही नम्र विनंती.