स्वल्प साखर

राजाजीनगरातल्या एका सोसायटीच्या आरोग्य उपसमितीने उगादीच्या, म्हणजे कानडी पाडव्याच्या, सहभोजनाचा क्रम शास्त्रानुसार निश्चित केला. आधी कोशिंबीर, पंधरा मिनिटांनी उसळ, आणखी पंधरा मिनिटांनी भात, त्यानंतर शतपावली, आणि शतपावली पूर्ण करणाऱ्यालाच पायस. भाज्या आधी खाल्ल्या की रक्तातली साखर सावकाश चढते, एवढंच मूळ संशोधन होतं. बाकीचं उपसमितीने भक्तिभावाने वाढवलं होतं.

अध्यक्ष सुहास हा दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला आयटीवाला. त्याने आठ ज्येष्ठांच्या दंडावर साखर मोजणारी चकती चिकटवली आणि सगळ्यांचे आकडे हॉलमधल्या पडद्यावर लावले. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याचा पहिला नंबर.

त्या आठांत सुशीलाबाई होत्या. चिकपेटेच्या बाजारात तीन पिढ्या साड्या विकणाऱ्या नरसिंहरावांच्या त्या पत्नी. बारा वर्षं जेवणाआधी इन्सुलिन घेणारी शिस्तीची बाई. पान मांडलेलं दिसताच त्यांनी सवयीने सुई टोचून घेतली. सुई वेळेवर झाली, भात मात्र उपसमितीच्या परिपत्रकात अडकला.

कोशिंबिरीला आकडा एकशे दहा होता, उसळीला ब्याऐंशी. चौसष्टावर त्यांची बोटं थरथरू लागली, कपाळावर घाम आला आणि पडद्यावर त्यांचं नाव पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर चढलं. टाळ्या झाल्या.

नरसिंहरावांनी ही लक्षणं ओळखली. ते पायसाच्या पातेल्याकडे धावले. तिथे यादी घेऊन उभ्या असलेल्या उपसमितीच्या आश्लेषाने नम्रपणे सांगितलं की गोड शतपावलीनंतर. बायकोला उभंही राहवत नाही, असं ते म्हणाले. तर मग शतपावलीतून सूट मिळेल, पण तसा अर्ज अध्यक्षांकडे द्यावा लागेल, असं उत्तर आलं.

त्यांनी अध्यक्षांचा दंड धरला.

"सुहास, स्वल्प साखर पायजे हिला. बेगा."

नरसिंहरावांच्या घरात मराठी आणि कानडी एकाच भांड्यात शिजतात. त्यांचं 'स्वल्प' म्हणजे थोडीशी, चमचाभर. सुहासला तो अस्सल मराठी शब्द वाटला : अल्प, कमी.

"तेच तर काका! स्वल्प साखर हेच आपलं टार्गेट."

लगेच माईक घेऊन त्याने ते वाक्य यंदाचं घोषवाक्य म्हणून जाहीर केलं. 'बेगा' म्हणजे लवकर, हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं वगळलं.

आकडा एक्कावन्न झाला. सुशीलाबाईंची मान खाली गेली. एवढं यश मिळूनही बाई किती विनम्र, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं आणि फोटो काढले.

 आश्लेषाला बाजूला सारून नरसिंहरावांनी पेला पातेल्यात बुडवला आणि घोटघोट करून बायकोच्या तोंडात पायस घातलं. पंधरा मिनिटांनी तिने नीट डोळे उघडून भात कुठाय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप.

उपसमितीने सुशीलाबाईंना नियमभंगासाठी बाद केलं. त्यांचा आलेख मात्र ठेवून घेतला. एक्कावन्नावरून वर उसळलेल्या रेषेभोवती लाल वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, 'पाहा, एक पेला पायस शरीराचं काय करतं! प्रत्येक मधुमेह्यापर्यंत पोहोचवा.'

आज सकाळी तो आलेख फोनवर तुम्हालाही आला असेल. तुम्ही तो पुढे पाठवलातसुद्धा.