देवकीच्या वाट्याची सुरकुती

"एक शब्द म्हणजे काय हो गुरुजी! साहेबापुढे मी त्या शब्दाचं अख्खं खानदान उभं करते की नाही, बघाच तुम्ही!"

देवकी हे एवढ्या ठसक्यात बोलली की मोतीराम गुरुजींच्या हातातला खडूच मोडला. गुरुजी मुळातच धास्तावलेले होते. उद्या तालुक्याचा साहेब येणार होता आणि त्याला पटलं नाही तर बायकांचा हा वर्ग बंद होणार होता. शेजारच्या कैनाड गावचा वर्ग त्याने असाच बंद केला होता, म्हणे बायका पेंगतात! पहाटेपासून उठलेल्या बायका दुपारी पेंगणार नाहीत तर काय नाचणार?

खाडीपलीकडच्या त्या पाड्यावर बायका डहाणूच्या बाजारात टोपल्या रिकाम्या करून यायच्या आणि जाळी ठेवायच्या छपरीत पाटी घेऊन बसायच्या. नवं राज्य नुकतंच झालेलं, सगळ्यांनी शिकायचं असं ठरलेलं. देवकी त्यात सगळ्यांत पुढे. 'नारळ', 'बटाटा', 'पापलेट' झरझर वाचायची. पण दोन अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली दिसली की तिची होडी गाळात रुतायची! जोडाक्षरं दिवाळीनंतर शिकवणार होते. त्याआधीच वर्ग बंद झाला तर जन्मभर अर्धीमुर्धी पाटीच वाचायची? या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

साहेबाला इंग्रजीचं भारी वेड. म्हणून गुरुजींनी प्रत्येकीला एकेक इंग्रजी शब्द वाटून दिला होता. त्याचे अर्थ सांगायचे, तेही वस्तू दाखवून. शेजारच्या मालूला 'फिश' मिळाला. ती तर जन्मभर त्याच्यावरच जगलेली! देवकीला मिळाला 'रिंकल'.

"रिंकल म्हणजे सुरकुती," गुरुजींनी समजावलं. "तोंडावरची काय नि कापडावरची काय. इस्त्रीची कडक रेघ ती क्रीज. फोल्ड म्हणजे घडी. प्लीट म्हणजे निरी. आणि मुठीत धरून चुरगाळलंत की क्रंपल. सगळी एकाच घरातली भावंडं."

"म्हणजे आमच्या दिरांसारखी. घर एक, तऱ्हा वेगळ्या!"

संध्याकाळभर ती पाड्यात भिंगरीसारखी फिरली. वाळून सुरकुतलेले बोंबील बांबूवर होतेच, ते मालूला राखायला सांगितले. जुनं लुगडं बोळा करून उशाखाली घातलं. किराण्याचा कागद चुरगाळून कोनाड्यात ठेवला. राहिला चेहरा. तो घरातच होता. सासू बायजीचा!

"आय, उद्या छपरीत येऊन बस."

"कशाला?"

"साहेबाला तुझं तोंड दाखवायचंय."

"माझं? अगो, मी काय केलं?"

"केलं काही नाही. तुझ्या सुरकुत्या लय झकास आहेत!"

बायजीने गालांवरून एकदा हात फिरवला. तिथेच देवकीने सावध व्हायला हवं होतं.

सकाळी नवरा लक्ष्या होडी घेऊन डहाणूला गेला आणि देवकी बाजार करून धावतपळत परतली. बघते तर काय! साहेब येणार म्हणून सगळा पाडा चकाचक. बांबूवर ताजे बोंबील लटकलेले, टवटवीत, गुबगुबीत, नवऱ्या मुलासारखे!

"मालू! माझे वाळलेले कुठे गेले?"

"ते म्हातारे गं कशाला दाखवायचे? साहेबाला वाटेल आम्ही उपाशी मरतो."

देवकी घराकडे पळाली. उशाखालचं लुगडं दोरीवर होतं. पेजेची खळ देऊन, तांब्यात निखारे घालून बायजीने ते असं फिरवलं होतं की पत्र्यासारखं वाजत होतं. कोनाड्यातला कागद तिने पाट्याखाली दाबून सपाट केला होता. आणि बायजी? ती छपरीत केव्हाच जाऊन बसली होती. तोंडाला खोबरेल चोपडलेलं, आणि गाल भरून दिसावेत म्हणून दोन्हीकडे एकेक अख्खी सुपारी कोंबलेली. चेहरा कसा, तर भरल्या टोपासारखा! सुरकुती औषधालाही नाही.

"आय, सुपाऱ्या काढ!"

"उं हूं!" बायजीने मान हलवली.

"आय, पाया पडते!"

"उं हूं!"

तेवढ्यात बाहेर गलका झाला. साहेब आले!

देवकीने दाराकडे पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. साहेबाची बस वाटेत बंद पडली होती, म्हणून तो होडीतून आला होता. ओहोटीत होडी गाळात अडकली, लाटेचा सपकारा बसला, साहेब चिंब झाला. होडीवाल्याने मोठ्या प्रेमाने त्याचा कोट उतरवून घेतला आणि दोन्ही हातांनी जाळं पिळावं तसा करकचून पिळून परत दिला! विजारीची रेघ गेली होती, सदऱ्याच्या बाह्या वळकटी झाल्या होत्या, खिशातला रुमाल म्हणजे बोळा. देवाने खानदानच्या खानदान दारात पाठवलं होतं!

"बोला," गुरुजी म्हणाले. "देवकीबाई, रिंकल."

देवकी उठली, थेट साहेबापाशी गेली आणि तिने त्याची बाही धरली. "हा रिंकल! हा रुमाल, हा क्रंपल. इथे विजारीला क्रीज होती, ती आता वारली. कोटाच्या पाठीत बघा, प्लीटच प्लीट, माझ्या लुगड्याला नाहीत एवढ्या!"

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. साहेबाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आणि ह्या बघा, ताज्या!" देवकी ओरडली. "ह्यांनासुद्धा रिंकलच म्हणतात!"

"पुरे!" साहेब गरजला. "हा वर्ग आहे की तमाशा? वर्गाचं मी बघतोच. आधी त्या होडीवाल्याची तक्रार करणार आहे. नाव काय त्याचं?"

गुरुजींना खोकल्याची उबळ आली. मालू पाटीत डोकं घालून बसली. सगळ्यांच्या नजरा देवकीकडे, देवकीची जमिनीकडे.

"बाई, तुम्हाला माहीत आहे ना? सांगा."

"कसं सांगू साहेब? माझे मालक आहेत ते. आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत."

साहेब बायजीकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा."

पोटच्या पोराचं नाव! बायजीने दोन्ही सुपाऱ्या घट्ट दाबल्या. "उं हूं!"

साहेबाने कपाळ पुसलं. आठ्या काही गेल्या नाहीत. "बरं, तोंडाने घेत नाही ना? मग पाटीवर लिहा! शिकलात ना एवढं?"

देवकीने पेन्सिल घेतली. मोठा, गोंडस 'ल' काढला. आणि थांबली.

"पुढे?"

"पुढे जोडाक्षर आहे, साहेब. ते दिवाळीनंतर शिकवणार होते. तुम्ही वर्ग बंद करताय, मग ह्यांचं नाव तुम्हाला कळायचं कसं?"

साहेबाने त्या एकट्या 'ल'कडे पाहिलं. बायजीच्या गालांकडे पाहिलं. पिळलेल्या कोटाकडे पाहिलं. मग दात-ओठ खात म्हणाला, "गुरुजी, जोडाक्षरं होईपर्यंत वर्ग चालू ठेवा! ह्या बाईंना नाव लिहिता आलं की मला कळवा!"

वर्ग वाचला! देवकीने आनंदाच्या भरात दुसऱ्याच दिवशी गुरुजींच्या पुढ्यात पाटी टाकली, "आता दिवाळीची वाट कशाला? आजच शिकवा!" दुपार टळायच्या आत ते जोडाक्षर तिला असं वळणदार येऊ लागलं की तसं गुरुजींनाही येत नव्हतं.

पण साहेबाला तसं कळवलं की लक्ष्या अडकणार आणि वर्गही संपणार! म्हणून दर खेपेला साहेबाची विचारणा आली की गुरुजी खाली मान घालून एकच उत्तर द्यायचे, "बाई फारच ढ आहेत हो!"

पाड्यातली सगळ्यांत हुशार बाई सरकारदरबारी अशी कायमची ढ ठरली. आणि मालूला, त्या 'फिश'वालीला, पहिल्या नंबराचं बक्षीस मिळालं!