खंडेनवमीला चार्ज केलेल्या बॅटऱ्या

आधीच कबूल करतो : माझ्या सासऱ्यांनी मला बॅटरी आणायला सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. ते फक्त एवढंच म्हणाले होते, "खांदा गेला आता, जावईबापू." त्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने "अरेरे" म्हणून चहाचा कप उचलला असता. मी म्हणालो, "मामा, होडीला मोटर बसवू."

ही २००५ सालची गोष्ट. गणपती नुकतेच उठले होते. मोतीराममामा, म्हणजे माझे सासरे, गंगापूर धरणाच्या काठी राहायचे आणि चाळीस वर्षं स्वतःच्या लाकडी होडीतून मासे धरायचे. डॉक्टरांनी सांगितलं, वल्हं हातात धरायचं नाही. मामांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि दसऱ्याला होडी लखनला, म्हणजे पुतण्याला, देऊन टाकायची असं ठरवलं. लखन माणूस चांगला, कष्टाळू. त्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण त्या दिवसापासून मामांनी ओसरीवरची खाट फिरवून घेतली. आधी खाटेवर बसलं की धरण दिसायचं. आता भिंत दिसायची, आणि मामा त्या भिंतीकडे बघत बसायचे.

ते पाहून मला भरून आलं. (मला भरून आलं की मी काहीतरी करून बसतो. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या साहेबांनी यावर दोनदा लेखी खुलासा मागवलेला आहे.)

मोटरचं मामांनी दोन दिवस मनात घोळवलं. मग म्हणाले, "दसऱ्याला सकाळी मधल्या खडकापत्तुर जायचं आन् माघारी यायचं. होडी माघारी आली तर माझी. नाय आली तर लखनची. मंग कुणी काय बोलायचं नाय."

मोटर दिली सिन्नरच्या गोटीरामने. तो कारखान्यात फिटर आहे आणि माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने चोवीस व्होल्टच्या जुन्या मोटरला लांब दांडी लावली, टोकाला पितळी पंखा बसवला आणि म्हणाला, "बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घे. आणि हे बघ, नीट विचारून घे. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

मी आमच्या द्वारका चौकातल्या एका बॅटरीच्या दुकानात गेलो.

"कोणत्या गाडीसाठी?" दुकानदाराने विचारलं.

"होडीसाठी."

"होंडा? मॉडेल कोणतं?"

"लाकडी."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना धरण, खांदा, खाट, भिंत सगळं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "साहेब, तुम्ही इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या घ्या. त्या हळूहळू पण खूप वेळ करंट देतात." पण त्या बॅटऱ्या एवढ्या अवाढव्य होत्या की होडीत त्या बसल्या असत्या आणि मामा काठावर राहिले असते. शेवटी मी ट्रॅक्टरच्या दोन पसंत केल्या. ट्रॅक्टर या शब्दातच एक ताकद आहे.

"या इंजिनाला झटका देण्यापुरत्या असतात," ते म्हणाले. "तासभर ओढतील, त्याहून ताणू नका. ॲसिड आत्ताच भरलंय, थोडा करंट आत आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पहिलं चार्जिंग चोवीस तास सलग करा. मध्ये कोणाला हात लावू देऊ नका."

एकेक बॅटरी सव्वीस किलोची, दोन मिळून बावन्न. (तेव्हा माझंही वजन बरोबर बावन्न होतं. हमालाने त्या पाठीवर घेतल्या तेव्हा तो मलाच घेऊन चाललाय असं वाटलं.)

नवमीच्या सकाळी रिक्षा गॅरेजवाल्याकडून आणलेला चार्जर गॅलरीत मांडला. बटण दाबताच तो घोरायला लागला. मी छायाला, म्हणजे माझ्या पत्नीला, आणि शेजारच्या लंकाबाईंना समोर उभं करून छोटंसं भाषण दिलं. हा आवाज म्हणजे बॅटऱ्यांचं जेवण चाललंय. पोट भरलं की आवाज थांबेल. तोवर कोणी हात लावायचा नाही. यातलं आवाज थांबण्याचं ज्ञान दुकानदाराने दिलेलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं.

मग मी ऑफिसला गेलो. त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे टाइपरायटर, झेरॉक्स मशीन आणि शिक्के टेबलावर मांडून हळदीकुंकू वाहिलं होतं. पेठहून एक म्हातारे गृहस्थ दाखल्याची नक्कल मागायला आले होते. मी हात जोडून त्यांना म्हणालो, "बाबा, आज यंत्रांची पूजा आहे. पूजेत मांडलेलं यंत्र चालवत नाहीत. परवा या." ते बिचारे परत गेले. आम्ही पेढे खाल्ले.

संध्याकाळी घरी आलो तर गॅलरीत शांतता. बॅटऱ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, समोर नारळ. चार्जर फुलांखाली झाकून गेलेला. मी कान देऊन ऐकलं. घोरणं थांबलं होतं!

"बघ," मी म्हणालो, "दुकानदार चोवीस तास म्हणत होता. आठ तासांत फुल्ल!"

"अहो, ते चार्जिंग ना..."

"छाया, विजेच्या बाबतीत तू बोलू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

(पंधरा वर्षांच्या संसारानंतर या "बरं"ला मी घाबरायला हवं होतं. पण भरून आलेला माणूस कोणाला घाबरतो?)

दसऱ्याला सकाळी जीपने बॅटऱ्या धरणावर नेल्या. होडीला आंब्याचं तोरण बांधलं होतं. मामा धुतलेला सदरा घालून आले. सासूबाई, म्हणजे ठमामामी, नारळ फोडायला म्हणून होडीत चढल्या, आणि मामीचा हात धरायला म्हणून छाया. लखन काठावर हाताची घडी घालून उभा होता. मी तारा जोडल्या, बटण दाबलं. पितळी पंखा गरगरला आणि होडी काठ सोडून निघाली.

मामांनी मोटरची दांडी डाव्या हातात धरली होती. उजवा मांडीवर तसाच पडलेला. ते मान वर करून चारी बाजूचं पाणी असं बघत होते की मी तोंड फिरवलं. नाही तर रडलो असतो. खरंच सांगतो, त्या पंधरा मिनिटांसाठी मी आयुष्यभर कारकून राहायला तयार आहे.

खडकाला वळसा घातला आणि मोटरचा सूर खाली आला. मग आणखी खाली. मग तिने एक सुस्कारा सोडला आणि ती गप्प झाली. होडी जागच्या जागी डुलायला लागली.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही, गरम झाली असेल," मी म्हणालो.

"ती गरम कशाने होईल?" छाया हळूच म्हणाली. "चार्जिंग तर मी तुम्ही ऑफिसला गेल्यावर लगेच बंद केलं होतं."

"बंद? का?"

"अहो, खंडेनवमी ना! पूजेत मांडलेलं यंत्र चालवतात का कधी?"

पेठचे ते म्हातारे गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहिले.

"मी संध्याकाळी सांगत होते," ती पुढे म्हणाली, "तर तुम्ही म्हणालात, बोलू नकोस."

मग मी वल्हं घेतलं. होडी एकदा डावीकडून गोल फिरली. मी बाजू बदलली, ती उजवीकडून गोल फिरली. तिसऱ्या फेरीला मामा म्हणाले, "राहू द्या, जावईबापू." आवाज अगदी शांत होता. त्यांनी दांडीवरचा हात काढून घेतला. "झालं तेवढं लय झालं. लखनला हाक मारा. त्याला म्हणावं, घेऊन जा तुझी होडी."

कोणीच हाक मारली नाही. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात ठमामामी उठल्या. पदर कमरेला खोचला, माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं. "सरका तिकडं," त्या म्हणाल्या. मी सरकलो. त्यांनी दोनच हात मारले आणि होडीचं तोंड सरळ काठाकडे वळलं.

मामा बघतच राहिले. "तुला कवा आलं हे?"

"चाळीस वर्सं तुमच्यासंगं जाळं ओढते. तुम्ही दुपारचे झोपायचे तवा होडी काय आपसूक घरी यायची व्हय?"

"मंग बोलली का नाय कधी?"

"जागं असताना तुम्ही वल्हं कधी सोडलं? आन् इचारलं तरी कुणी? डाक्टरनं तुम्हाला नगं म्हणलंय. मला कुठं म्हणलंय?"

मामा हसले. भिंतीकडे तोंड केल्यापासून पहिल्यांदाच हसले. काठाला लागल्यावर लखनने पुढे होऊन होडी ओढून घेतली, काकाच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडला आणि म्हणाला, "काका, होडी माघारी आली. तुमचीच हाय." मग ठमामामींच्या दोन वेळा पाया पडला. संध्याकाळी ओसरीवरची खाट पुन्हा धरणाकडे फिरली. ती मीच फिरवली. तेवढं एक काम मला नीट जमलं.

पुढे दिवाळीनंतर शहरात लाइट फार जायला लागली. मला वाटलं, बॅटऱ्या परत आणून घरी वापराव्यात. मी तसं मामांकडे बोललो.

"त्या नका नेऊ, जावईबापू," मामा घाईने म्हणाले. "लय उपेगाच्या हायेत."

माझी छाती फुगली. "म्हणजे मोटर चालू झाली?"

"मोटर कव्हाच काढून ठिवली. पर ही पुढं बसून वल्हवते, मी बी पुढंच जाळ्यापाशी. मागं काय तरी वजन लागतं, नाय तर होडीचं शेपूट वर व्हतं. त्या बॅटऱ्या अगदी मापात बसल्यात."

मी जरा दुखावलोच. म्हणालो, "मामा, वजनच पाहिजे तर सुट्टीच्या दिवशी मी येऊन बसत जाईन."

मामांनी खूप गंभीरपणे विचार केला.

"या की," ते म्हणाले. "तुम्ही याल त्या दिशी बॅटऱ्या काठावर ठिवू. वजन तेवढंच भरतंय, आन् काम बी तेवढंच."