सारजाबाई रिकामी करून परत पाठवा

"कॅश म्हंजे गल्ला का?" केरबाशेठनी विचारलं.

"नाही काका. सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवायची जागा," सुकेशनी म्हणाली. "एका कॅशमधी गाड्या, दुसरीत माणसं, तिसरीत पत्ते. तिन्हीला मिळून एक प्रश्न विचारला की कुणाला कुठं धाडायचं ते मोबाइलवर येतं."

केरबाशेठचे टँकर होते आणि गंगापूरच्या रस्त्यावर प्रवासी जिपाही होत्या. दुष्काळ वाढत होता, शहरात गारखेड्याच्या पलीकडे इमारती त्याहून जोरात वाढत होत्या आणि कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं. भिंतीवरच्या फळ्यावर खेपा लिहायला जागा उरेना, म्हणून कॉम्प्युटर शिकलेल्या सुकेशनीला नोकरीवर बोलावलं होतं. तिने प्रत्येकाला नंबर द्यायचं म्हटलं तर शेठ उखडले. "माणूस काय, गाडी काय, आपल्याकडं नावानंच वळखायचं! अन् आज एक जरी खेप चुकली, तर उद्यापासून परत फळा."

म्हणजे नोकरी पहिल्याच दिवशी टांगणीला. सुकेशनीने मुकाट्याने नावं भरली. घोळ इथेच झाला. शेठनी नव्या टँकरला कौतुकाने आपल्या आईचं नाव दिलं होतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही.

दुपारी सत्यशीलाबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं आज लग्न होतं.

"पोरी, सारजाबाई आली. पण पाणी कुठाय?"

"टाकीत सोडा की!"

"कुणाला सोडू टाकीत? म्हातारीला?"

सुकेशनीला काही उमजेना. "बाई, सारजाबाई लवकर रिकामी करून परत पाठवा. पुढं लई खेपा आहेत."

"अगं, ती चहा पिऊन राहिली! वऱ्हाड तहानलंय अन् तू मला म्हातारी धाडती?"

सुकेशनीने घाईने याद्या उघडल्या. जीपने येणारी सारजाबाई माणसांत होती, टँकर सारजाबाई गाड्यांत. नुसत्या नावावर जुळवल्यामुळे दोघींच्या पत्त्यांची अदलाबदल झाली होती. जीपवाल्या बिभीषणने शेठच्या आईला गंगापूरहून आणून थेट लग्नघरी उतरवलं होतं. मालकाकडे आमंत्रण असेल, असं त्याला वाटलं. आणि टँकर?

टँकर शेठच्या दारात उभा होता. मालकाच्याच घरी जायचं म्हटल्यावर ड्रायव्हर हनुमानने प्रश्न विचारला नव्हता.

शेठनी घरी फोन लावला. "गोजर, पाइप काढायला सांग! ते पाणी लग्नाचं हाय!"

"नाय काढत," पलीकडून बायको कडाडली. "गावभर पाणी वाटता अन् घरात हंडा कोरडा! आज कुठं टँकरला घर सापडलं."

शेठनी फोन ठेवला आणि खुर्ची फिरवून फळ्याकडे पाहिलं. सुकेशनीने गुपचूप पिशवी आवरायला घेतली. तेवढ्यात शेठचा मोबाइल वाजला.

"केरबा, मी लग्नात हाय," आईचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "सुनंचा फोन आलता. तिचे हंडे भरू दे अन् बाकीचा टँकर इकडं धाड. पाणी आल्याबिगर मी इथून हलत नाय. अन् त्या पोरीला बोलशील तर बघ. तुझ्या जीपनं मला पयल्यांदाच चांगल्या ठिकाणी उतरवलं."

आईपुढे शेठचं काही चालत नसे. अक्षता पडायच्या आत टँकर लग्नघरी पोचला. सत्यशीलाबाईंनी फोन करून पाणी पुरल्याचं सांगितलं, तेव्हा सुकेशनीने सुटकेचा असा श्वास सोडला की टेबलावरच्या पावत्या उडाल्या. म्हातारी संध्याकाळी जेवून, साडी घेऊन परतली.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतःच म्हणाले, "दे बाई, नंबर दे. पण आईला एक नंबर दे."

सुकेशनीने गाड्यांना, माणसांना, पत्त्यांना वेगवेगळे नंबर दिले. आता सारजाबाई सारजाबाईत मिसळणं शक्यच नव्हतं. ती खुशीत असतानाच गोजरबाई ऑफिसात आल्या. शेठ बाहेर गेल्याची खात्री करून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, लई हुशार हायेस तू," त्या हळूच म्हणाल्या. "ती चूक हप्त्यातून एकदा आपोआप व्हईल, असं काही बसवता येतं का?"