बारा व्होल्टचा वारस

दिगंबर वायचळच्या लेझर मशीनचा पॉवर सप्लाय सोमवारी सकाळी सव्वाअकराला सेवेत असताना वारला, त्यामुळे त्याच्या जागी कोणाला घ्यायचं हे आता अनुकंपा नियमाप्रमाणे ठरणार होतं.

मशीन बंद असताना गेला असता, तर गोष्ट वेगळी. मग बाजारातून हवा तो सप्लाय आणून जोडायला कोणाची ना नव्हती. पण हा गेला तो ऐन कामात. नळीतला जांभळा उजेड दोनदा थरथरला, मागून 'चट्' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि सागवानी पाटी कोरीच राहिली. अकरा वर्षं बार्शीतल्या दारांवरची नावं त्याच्या जोरावर कोरली गेली होती. दिगंबरला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती, कारण ती पाटी त्याच्या थोरल्या बहिणीची होती आणि गुरुवारी तिच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती.

दिगंबर मुळात एका जागी बसणारा माणूसच नव्हे. जेवताना दोनदा उठेल, दाढी करताना रस्त्यावर डोकावून येईल. त्याने सप्लायवर पांढरा रुमाल टाकला, पुण्याला फोन करून तशाच ताकदीचा नवा सप्लाय पार्सलने मागवला आणि स्कूटरला किक मारून तो थेट सुटे भाग सेवा कार्यालयात पोचला. तिथले कारकून गवंडे भाऊसाहेब पेन्सिलीला टोक करत बसले होते.

"भाऊसाहेब, नेमणुकीचं काम आहे. जरा घाईचं आहे."

"कधी वारला?"

"आत्ताच. पाटी कोरताना."

"म्हणजे सेवेत. मग अनुकंपा." गवंडेंनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "त्याच्यावर अवलंबून कोण होतं? त्याच्याच खोक्यातून आलेलं?"

दिगंबरला आठवावं लागलं. त्या खोक्यातून बारा व्होल्टचा एक छोटा अडॅप्टर आला होता. मशीनच्या झाकणाखालचा बारीक दिवा तेवढा तो लावायचा, आणि त्यासाठी लागणारी वीज मोठ्या सप्लायच्या पाठीवरच्या सॉकेटमधून घ्यायचा.

"झालं तर मग. तोच वारस."

"अहो, या जागेला वीस हजार व्होल्ट लागतात! तो बाराचा आहे!"

"पात्रता शिथिल करता येते. कलम सात."

"आणि मी नवा मागवलाय, त्याचं काय करू? लोणचं घालू?"

"वारसाने हक्कसोडपत्र दिलं, तर खुशाल नेमा त्याला." गवंडेंनी एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "राजीखुशीने हवं. आणि ठसा दोन्ही पिनांचा हवा बरं का. मागे एकाने एकच पिन उमटवली. तो प्रस्ताव अजून पडून आहे."

आता पाटीची एवढी घाई का, तेही सांगितलं पाहिजे. दिगंबरची अक्का, म्हणजे रत्नप्रभा पोफळे, गेल्याच महिन्यात पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झाली होती. तिशीत नवरा गेला तेव्हापासून सासरच्या मागच्या खोलीत राहिली. त्या घराच्या दारावर दिरांचं नाव, वीजबिलावर दिरांचं नाव, लग्नपत्रिका यायच्या त्याही दिरांच्याच नावाने. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं होतं. "दिगू, पाटीवर फक्त माझं नाव घाल," एवढंच तिने सांगितलं होतं.

सोसायटीचा नियम असा, की वास्तुशांतीच्या दिवशी दारावर जे कोरीव नाव असेल, ते सेक्रेटरींनी वहीत कायमचं उतरवून घ्यायचं. दिराचा मुलगा विलास 'श्री. मुरलीधर पोफळे' अशी पितळी पाटी चार स्क्रूंसकट पिशवीत घालून तयारच होता. "काकू, घराण्यातलं मोठं माणूस म्हणून बाबांचं नाव शोभेल," असं तो दोनदा बोलून गेला होता. दार कोरं दिसलं की तो स्क्रू पिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरीकडून पाटी करून आणायची तर सोलापूर, आणि तिथे आठ दिवसांची रांग. मंगळवारभर दिगंबर दुकानातून पार्सल ऑफिसात आणि पार्सल ऑफिसातून दुकानात फिरत राहिला. संध्याकाळी नवा सप्लाय एकदाचा आला.

बुधवारी सकाळी त्याने खोकं उघडलं. नवा सप्लाय थर्माकोलमधून बाहेर येताच म्हणाला, "माझी क्षमता ऐंशी वॅट असून मला एक वर्षाची वॉरंटी आहे. मी तात्काळ रुजू होऊ इच्छितो."

"दोन मिनिटं थांबा," दिगंबर म्हणाला. त्याने शाईचा पॅड उघडला, फॉर्म टेबलावर पसरला आणि अडॅप्टरला अलगद वायरीतून सोडवून समोर ठेवलं. "हे बघ बाळा, तुझं दुःख मला कळतं. पण हे काम तुझ्याच्याने व्हायचं नाही. इथे दोन ठिपके उमटव आणि मोकळा हो."

"बरं, साहेब," अडॅप्टर म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या दिव्यासारखाच बारीक होता. "तुम्ही म्हणता तर होणारच नसेल."

"तसं काही नाही रे... पण हो, नाहीच होणार. उमटव लवकर."

अडॅप्टरने पिना शाईत बुडवल्या. तेवढ्यात अक्का आली. पाटी कुठवर आली ते बघायला आली होती; हातात पूजेच्या सामानाची यादी होती. टेबलावरचा फॉर्म तिने सवयीने उचलला आणि मोठ्याने वाचला. आयुष्यभर कागदच वाचले होते तिने.

"'सदर पदाचे काम आपल्याने होणार नाही याची मला पूर्ण जाणीव असून मी हा हक्क राजीखुशीने सोडत आहे.'" ती थांबली. तिचा चेहरा उतरला. "दिगू, हे कुठून आणलंस?"

"कार्यालयातून. अक्का, दे इकडे, पिनांवरची शाई वाळेल."

"हाच कागद माझ्यापुढे ठेवला होता भाऊजींनी. यांना जाऊन महिना झाला नव्हता. यांची ऑफिसातली जागा भाऊजींना हवी होती. वाक्य हेच. स्वयंपाकघरात आले होते, पॅड घेऊन. मी कणीक मळत होते. म्हटलं, हात धुऊन येते." ती स्टुलावर बसली. "हात धुता धुता वाटलं, होणार नाही हे भाऊजींना कसं कळलं? अजून तर मी केलंच नाही."

"तुझी गोष्ट वेगळी, अक्का!"

"कशी वेगळी? नववी पास होते मी. पहिले सहा महिने दिवसाला एक पत्र व्हायचं माझ्याकडून. एक! बाकीचे तीस-तीस पत्रं काढायचे. हेडक्लार्क डोक्याला हात लावून बसायचे. पण काढू दिलं मला त्यांनी." तिने अडॅप्टरकडे पाहिलं. "पिना पूस त्याच्या."

दिगंबर दुकानाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. "अगं, हे सगळं तुझ्याच पाटीसाठी चाललंय ना! उद्या सकाळी विलास पिशवी घेऊन येणार. हा नवा लावला तर चार मिनिटांत तुझं नाव होतं. चार मिनिटांत!"

"अधिक अचूक सांगायचे तर तीन मिनिटे चाळीस सेकंद," नवा सप्लाय म्हणाला.

"मला कळतंय रे," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ऑफिसातला होता. "मलाही ते नाव हवंय. किती हवंय ते तुला नाही कळायचं. पण असा कागद करून घेऊन कोरलेलं नाव मी दारावर लावायची नाही. जोड त्याला."

ती अक्का होती. दिगंबरने फॉर्म फाडला, स्कूटर काढली आणि गवंडेंकडून नेमणुकीचा आदेश आणला. नव्या सप्लायला प्रतीक्षा यादीत, म्हणजे वरच्या फळीवर ठेवलं. बुधवारी दुपारी बारा वाजता बारा व्होल्टचा अडॅप्टर वीस हजार व्होल्टच्या जागेवर रुजू झाला.

पहिला तासभर काहीच झालं नाही. मग नळीच्या टोकाशी जांभळट काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. दिगंबर डोळा लावून बघायचा, येरझारा घालायचा, पुन्हा बघायचा. "जळतंय का रे?"

"गरम होतंय, साहेब," अडॅप्टर म्हणायचा.

"ही कामाची पद्धत नव्हे," असं फळीवरून दर अर्ध्या तासाने ऐकू यायचं.

पहिल्या एकाच अक्षरावरून किरण दुपारभर फिरत राहिला. सहा वाजता अडॅप्टरची सुट्टी झाली. दिगंबरने पाटीवरून बोट फिरवलं. 'र' झाला होता. चांगला खोल, कडा स्वच्छ, वळण देखणं. पुढची सगळी पाटी कोरी होती. दिगंबरला रडावं की काय, असं झालं.

गुरुवारी वास्तुशांत यथासांग पार पडली. आरती होते न होते तोच विलास पिशवी घेऊन दाराशी गेला. तिथे सागवानी पाटी लागलेली होती. सेक्रेटरी वही उघडून तिच्यासमोर उभे होते.

"काकू, हे काय? नुसता 'र'?" विलासने पितळी पाटी बाहेर काढली. "सेक्रेटरीसाहेब, याला काय नाव म्हणतात का? दार कोरंच धरा."

"कोरीव आहे का?" सेक्रेटरींनी चष्मा सारून पाटीवर नख फिरवलं. "कोरीव आहे. म्हणजे दार कोरं नाही." त्यांनी वहीत 'र' लिहिला. "पुढे काय लिहू, ताई?"

"पुढची अक्षरं येतायत," अक्का म्हणाली. "रोज एक. तुम्ही जागा सोडा."

"किती?"

"तीन अक्षरांची."

सेक्रेटरींनी बोटाने मोजून जागा सोडली. दिगंबर तोवर पाटीचे स्क्रू काढायलाही लागला होता, कारण अडॅप्टरची ड्यूटी साडेदहाला सुरू होत होती आणि आज त्याला 'त्न' करायचा होता. जोडाक्षर.

"आणि आडनाव?" पेन उचलून सेक्रेटरींनी विचारलं. "त्याला किती जागा सोडू?"

अक्काने विलासच्या हातातल्या पितळी पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि प्रसादाची वाटी त्याच्यापुढे धरली.

"त्याचं नंतर बघू," ती म्हणाली.